पंधरा फेऱ्या, एकही न कापता: महालातल्या कॅसेटवाल्या काकांचा अनुभव

घरात जुन्या व्हीएचएस कॅसेटी पडून असतील आणि त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या असतील, तर नागपुरात कुठे जावं हे मला आता नक्की सांगता येतं. महालात, बडकस चौकातून पायी चार-पाच मिनिटांवर. खाली बंद पडलेल्या फोटो स्टुडिओची पाटी अजून तशीच आहे, बाजूने अरुंद लाकडी जिना, वर दहा बाय बाराची खोली. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काकांनीच बजावलं आहे, "नाव नका टाकू जी. एका दिवशी दहा जण आले त मी काम कवा करू?" चौकात 'कॅसेटवाले काका' म्हणून विचारा, पानठेलेवाला वर बोट दाखवतो.

लग्नाची, मुंजीची, बारशाची कॅसेट असेल तर कदाचित कुठलंही दुकान तुमचं काम भागवेल. माझं काम तसं नव्हतं. माझ्याकडे दोन कॅसेटी होत्या आणि त्यांत एकाच कोरियन बॉक्सरच्या तीन लढती होत्या. त्याचं नाव यू म्युंग-वू. या कॅसेटी मी तीस वर्षं का जपल्या हे सांगितल्याशिवाय काकांच्या कामाचं मोल कळणार नाही, म्हणून आधी ते.

मी शाळेत पीटी शिकवतो आणि सकाळी साडेपाचला मुलामुलींना बॉक्सिंग. १९९० ते ९३ मी स्वतः ४८ किलोत खेळलो. पुरुषांमधला तेव्हाचा तो सगळ्यात हलका गट. वस्तीतली माणसं म्हणायची, "वारा आला त उडून जाशील." तेव्हा टीव्हीवर, पेपरात, पोस्टरवर बॉक्सर म्हणजे एकटा माइक टायसन. आपल्या मापाच्या माणसालाही जगज्जेता होता येतं, हे मला माझ्या धाकट्या मामांनी दाखवलं.

मामा मर्चंट नेव्हीत होते, इंजिन रूमला. त्यांचं जहाज बुसानला लागायचं. तिथे जहाजावर भाजीपाला, किराणा पोहोचवणारा एक कोरियन पोरगा बॉक्सिंगचा वेडा होता. भाचा बॉक्सिंग करतो असं मामांनी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्याने घरच्या टीव्हीवरून भरून घेतलेली कॅसेट आणून मामांच्या हातात ठेवली. १९९३ मध्ये मामा परत गेले तेव्हा दुसरी दिली. पोरगा बुसानचा, त्यामुळे त्याचा खरा जीव बुसानच्याच चांग जंग-कूवर होता. पण चांगच्या कॅसेटी त्याने मामांना फक्त दाखवल्या, दिल्या नाहीत. मला ते पटतं. मीही दिल्या नसत्या.

हे दोघे एकाच वजनाचे. लाइट फ्लायवेट, १०८ पौंड, म्हणजे ४९ किलोच्या आतबाहेर. चांगने २६ मार्च १९८३ ला देजॉनमध्ये पनामाच्या हिलारियो झपाटाला तिसऱ्या फेरीत थांबवून डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा पट्टा, म्हणजे जगज्जेतेपद, घेतला आणि १५ वेळा राखला. यूने ८ डिसेंबर १९८५ ला देगूमध्ये अमेरिकेच्या जोई ऑलिव्होला हरवून डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा पट्टा घेतला आणि सलग १७ वेळा राखला. म्हणजे १९८५ ते ८८ या काळात जगातले दोन सगळ्यात मानाचे ४९ किलोचे पट्टे एकाच देशात होते, आणि ते दोघे एकमेकांशी कधीच लढले नाहीत. बॉक्सिंगच्या इतिहासात मला हळहळ वाटावी अशा ज्या काही गोष्टी आहेत, त्यांत ही एक. त्याच काळात, १९८६ च्या सोल एशियाडमध्ये, बॉक्सिंगची १२ पैकी १२ सुवर्णपदकं कोरियाने नेली होती. एवढ्याशा देशात त्या वेळी हा खेळ किती मुरला होता ते यावरून कळावं.

यूला कोरियात 'सोनागी' म्हणायचे. सोनागी म्हणजे अचानक येणारी पावसाची जोरदार सर. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी दुपारभर डांबर वितळत असतं, चारला आभाळ काळं होतं आणि पाच मिनिटांत वळीव सगळं झोडपून मोकळा होतो, तसं. एका ठोशात समोरच्याला झोपवणारा तो नव्हता. ३९ लढती, ३८ विजय, एक हार, आणि त्या ३८ मध्ये नॉकआउट फक्त १४. तो जिंकायचा ते फेरीमागून फेरी, सरीमागून सर. म्हणून त्याच्या लढतीचे 'हायलाइट्स' बघून काहीच हाती लागत नाही. पूर्ण लढतच बघावी लागते, विश्रांतीच्या मिनिटासकट. काकांचं काम मला का आवडलं त्याचं मूळ इथे आहे.

तीन वर्षांपूर्वी मी शहरातल्याच एका दुसऱ्या दुकानात पहिली कॅसेट दिली होती. ऑलिव्होची लढत १५ फेऱ्यांची. तीन मिनिटांची एक फेरी, म्हणजे ४५ मिनिटं, आणि मधल्या १४ विश्रांती, एकूण ५९ मिनिटं. मला मिळालेली फाइल साधारण ४० मिनिटांची होती. सगळ्या विश्रांती कापलेल्या, तीन फेऱ्या अर्ध्यातच तोडलेल्या, कोरियन कॉमेंट्री काढून त्यावर ढोलताशाचं संगीत टाकलेलं. वर चौकोनी चित्र ओढून आडव्या टीव्हीच्या मापाचं केलेलं, त्यामुळे ४९ किलोचे दोन सडपातळ बॉक्सर ६५ किलोचे बुटके दिसत होते. विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, बोअर होतं ना नुसतं. आम्ही एडिट करून दिलं, त्याचे पैसे नाही लावले." पैशाचं दुःख नव्हतं. माझा राग असा होता की कॅसेट तोवर आणखी खराब झाली होती आणि माझ्याकडे ही एवढीच फाइल उरली होती. त्याच फाइलवरून मी पुढे दोन वर्षं मुलांना शिकवलं.

काकांकडे मी मागच्या पावसाळ्यात गेलो. त्यांनी कॅसेट हातात घेतल्याबरोबर मशीनमध्ये टाकली नाही. आधी कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारला. "पाहा," म्हणाले, "कडेले पांढरं पांढरं दिसते न? बुरशी आहे. हे अशीच लावली त माझं हेड बी जाईन अन तुमची कॅसेट बी." मग पाठीवरची छोटी प्लास्टिकची टिकली तपासली. ती तुटलेली नसेल तर चुकून 'रेकॉर्ड'चं बटण दाबलं गेलं की जुनं पुसून नवं भरलं जातं. माझ्या दुसऱ्या कॅसेटची टिकली शाबूत होती, म्हणजे तीस वर्षं ती लढत एका चुकीच्या बटणाच्या अंतरावर होती. काकांनी स्क्रूड्रायव्हरने ती तिथल्या तिथे उडवली.

नंतर त्यांनी विचारलं, "कॅसेट भरली कुठची?" कोरियाची म्हटल्यावर मान हलवली. "मग घरी काळीपांढरी दिसत असन. अन चित्र वर वर सरकत असन." अगदी तसंच दिसायचं! खामल्याला मामांच्या घरी रंगीत टीव्ही होता, चांगला व्हीसीआर होता, पण या दोन कॅसेटी कायम करड्या आणि थरथरत्या. आम्हाला वाटायचं, बुसानच्या पोराचा टीव्हीच तसला असेल. काकांनी समजावलं ते असं: टीव्हीच्या चित्रासाठी आपल्याकडे पाल (PAL) पद्धत, कोरिया, जपान, अमेरिकेत एनटीएससी. आपल्या टीव्हीवर सेकंदाला पन्नास वेळा अर्धं-अर्धं चित्र रंगायचं, त्यांच्याकडे साठ वेळा. ओळींची संख्याही वेगळी, आपल्या ६२५, त्यांच्या ५२५. साध्या भारतीय व्हीसीआरला ती भाषा कळत नाही. काकांकडे दोन्ही पद्धती वाचणारे दोन व्हीसीआर आहेत, आणि तिसरा फक्त सुट्या भागांसाठी उघडून ठेवलेला. नवीन व्हीसीआर आता जगात कोणी बनवत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत शेवटचे बनवले. एखादा रबरी पट्टा तुटला तर तो दुसऱ्या मेलेल्या मशीनमधूनच काढावा लागतो.

त्यांनी कॅसेटचे पाचही स्क्रू काढले, दोन्ही रिळं बाहेर घेतली आणि हाताने फिरवत फिरवत मऊ कापडाने टेप पुसायला घेतली. मी तासभर तिथे बसून होतो. अर्धा इंच रुंदीची ती काळी फीत त्यांच्या बोटांमधून जात होती आणि कापडावर पिवळट-पांढरी भुकटी जमा होत होती. बाहेर पाऊस येऊन राहिला होता, खिडकीत एक टेबल फॅन, कोपऱ्यात चहाचा थर्मास. काका मधे एकदाच बोलले, "एवढ्या पोराचं काय आहे जी याच्यात?" मी म्हटलं, काका, पंधराव्या फेरीपर्यंत याचे हात खाली येत नाहीत, ते मुलांना दाखवायचं आहे. त्यानंतर त्यांनी मला चहा दिला.

आठ दिवसांत देतो म्हणाले होते, एकोणीस दिवस लागले. फोन उचलत नाहीत. मी चार चकरा मारल्या आणि महालात गाडी लावायला जागा मिळणं हे वेगळंच काम आहे. हे सगळं खरं आहे आणि घाई असणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावं. पण फाइल मिळाली तेव्हा आधी वेळ बघितली: ऑलिव्होची लढत ५९ मिनिटं, वर आधीची ओळख आणि नंतरचा निकाल. सगळ्या चौदा विश्रांती जागच्या जागी. चित्र चौकोनी, जसं होतं तसं. कॉमेंट्री कोरियन, घंटा, लोकांचा गलका, सगळं.

आणि एक गोष्ट जी मी मागितलीसुद्धा नव्हती, कारण मला ती माहीतच नव्हती. पहिल्या दुकानाने सेकंदाच्या साठ अर्ध्या चित्रांची पंचवीस करून टाकली होती. निम्म्याहून जास्त हालचाल तिथेच गळाली होती. काकांनी साठच्या साठ ठेवली, प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र केलं. नात्यागोत्याच्या समारंभात याने काही फरक पडत नसेल. बॉक्सिंगमध्ये पडतो.

मी लॅपटॉपवर शेवटच्या फेऱ्यांमधली एक सर एकेक चित्र पुढे नेत बघितली. यूचा उजवा हात जबड्याला चिकटलेला. डावा खालून बरगडीत जातो. इथपर्यंत मला जुन्या फाइलमध्येही दिसायचं, आणि त्यावरून मी मुलांना शिकवत आलो होतो की बरगडीला मारलं की हात परत गालाशी आणा, मग पुढचा ठोसा. नवीन फाइलमध्ये दिसलं की तो डावा परत येतच नाही. बरगडीवरून तो तिथूनच वर वळतो, कोपर जेमतेम वीतभर सरकतं, आणि समोरच्याचा हात बरगडी झाकायला खाली येत असतानाच तोच डावा त्याच्या कानाशी पोहोचतो. उजवा सुटतो तो त्यानंतर. मधल्या त्या ठोशाची जुन्या फाइलमध्ये फक्त एक धूसर रेघ होती. दोन वर्षं मी मुलांना एक ठोसा गाळून शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची माफी मागितली आणि सगळ्यांना स्क्रीनसमोर बसवलं. ४८ किलोतल्या एका मुलीने तीनदा बघितलं, उठली, आणि पॅडवर चौथ्या प्रयत्नात ते बरोबर काढलं. २०२१ मध्ये आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने पोलंडमध्ये युवा जागतिक सुवर्ण जिंकल्यापासून माझ्याकडे मुलींची संख्या वाढली आहे. अल्फिया सगळ्यात वजनदार गटातली. सडपातळ मुलींना मी आता यू दाखवतो.

विश्रांतीची मिनिटं मला इतकी का हवी होती तेही सांगतो. नवशिका बॉक्सर स्टुलावर बसला की आधी पाणी मागतो आणि समोरच्या कोपऱ्याकडे बघत राहतो. चांगला बॉक्सर आधी श्वास जागेवर आणतो. हे शब्दांत सांगून मुलांना कळत नाही. चौदा वेळा बघितलं की कळतं. आमच्या मुलांच्या लढती तीन फेऱ्यांच्या, त्यांना दोनच विश्रांती मिळतात, म्हणून त्या वाया घालवायच्या नसतात.

या लढतीत तेरावी फेरी सुरू झाली की माझ्या मात्र पोटात गोळा येतो. त्याच्या तीनच वर्षं आधी, १३ नोव्हेंबर १९८२ ला, लास व्हेगासमध्ये किम दुक-कू हा कोरियन लाइटवेट रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी रुग्णालयातच मरण पावला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या केल्या. डब्ल्यूबीएने ते आणखी काही वर्षांनी केलं, म्हणून यू आणि ऑलिव्हो १९८५ मध्येही पूर्ण पंधरा लढले. मी मुलांना ही लढत दाखवतो तेव्हा चौदावी फेरी सुरू होण्याआधी थांबवतो आणि किमची गोष्ट सांगतो. डोकं दुखतं म्हणणाऱ्या मुलाला माझ्या क्लासमध्ये त्या आठवड्यात रिंगमध्ये उतरता येत नाही, मग स्पर्धा कितीही मोठी असो.

निकाल विभागून लागला होता, तीनपैकी एका पंचाने ऑलिव्होला विजयी धरलं होतं. जुन्या फाइलमध्ये निकालच नव्हता. नवीनमध्ये आहे.

दुसरी कॅसेट जास्त खराब होती. त्यात १७ डिसेंबर १९९१ ची ओसाकातली लढत आहे, जिथे हिरोकी इओकाने यूला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं हरवलं, आणि १८ नोव्हेंबर १९९२ ची, जिथे अकरा महिन्यांनी यूने त्याच ओसाकात जाऊन, इओकाच्याच गावात, पट्टा परत आणला. इओका हे नाव आजच्या पोरांनाही ओळखीचं असेल, काझुतो इओका हा त्याचाच पुतण्या. ३६ विजयांनंतर आलेली पहिली हार, तीही विभागून दिलेल्या निकालाने, आणि त्याने पुन्हा त्याच माणसासमोर त्याच शहरात उभं राहणं पत्करलं. १९९३ मध्ये एकदा पट्टा राखून तो निवृत्त झाला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅनास्टोटाच्या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, चांगचं २०१० मध्येच लागलं होतं.

या कॅसेटमध्ये १९९१ च्या लढतीत एका ठिकाणी टेप दुमडलेली होती. सातव्या फेरीतले साधारण चाळीस सेकंद गेले. काकांनी ते लपवलं नाही. तिथे साधी निळी पाटी ठेवली आहे आणि घड्याळ तेवढा वेळ चालू दिलं आहे. "मागचंपुढचं जोडून देता आलं असतं," म्हणाले, "पण मंग तुमची फेरी तीन मिनिटांची नसती राहिली." हे वाक्य ऐकलं आणि उशिराबद्दलची माझी तक्रार मी तिथेच सोडून दिली.

पैशाचं: टेपच्या तासाला ६०० रुपये, बुरशी साफ करायचे कॅसेटमागे २५० वेगळे. माझे दोन्ही मिळून २,३०० झाले. पहिल्या दुकानात ५०० लागले होते. महाग वाटेल, पण दोन तासांची कॅसेट उतरवायला दोन तासच लागतात, ती पळवता येत नाही, आणि काका तेवढा वेळ समोर बसून ट्रॅकिंग, म्हणजे चित्र स्थिर ठेवायचं काम, सांभाळतात. यूपीआय चालतं. बिल हाताने लिहून देतात.

जिना फार उभा आहे, ज्येष्ठांनी स्वतः चढायचा हट्ट धरू नये. माझ्या मामांना मी नेलं नाही. फाइल घेऊन खामल्याला गेलो आणि त्यांच्याच टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. मामा आता ७८ चे आहेत. सुरुवातीला रिंगचे दोर दिसले, कोपऱ्यातले टॉवेल दिसले, आणि ते पुढे सरकून म्हणाले, "अरे, हे रंगीत होतं?" मग तासभर कोणी काही बोललं नाही. दहाव्या फेरीला मामी चहा घेऊन आल्या तर मामांनी हातानेच थांबा म्हटलं.

जाणाऱ्यांसाठी: दुपारी बारा ते सहा, रविवारी बंद, दिवाळीच्या आधी पंधरा दिवस काम घेत नाहीत. कॅसेट कुठे आणि कोणत्या देशात भरली हे माहीत असेल तर नेताना चिठ्ठीवर लिहून न्या, त्यांचा अर्धा वेळ वाचतो. पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा न्या आणि आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. जुन्या फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि काका फाइलचे तुकडे करून देत नाहीत. मी तसाच पेन ड्राइव्ह नेला होता, म्हणून माझी चौथी चक्कर झाली.